आत यायच्या पाट्या

मिरज रस्त्यावरच्या नव्या कचेरीत
पाट्यांचं काम मिळालं,
तेव्हा आधी तीन दिवस मी नुसती जिन्याच्या तोंडाशी बसले,
शाळकरी शंभरपानी वही घेऊन.
कोण काय विचारतं, तेवढंच लिहायचं.

कुणीच विचारलं नाही
‘विशेष भूसंपादन अधिकारी क्रमांक तीन कुठं बसतात?’
विचारलं ते असं:
कालव्यात गेलेल्या रानाचं पैसं कुटं मिळत्यात?
मेलेल्या माणसाचं नाव कुटं कमी करत्यात?
एकानं नुसताच कागद पुढं केला.
एकीनं विचारलं, बाई, पाणी कुटं हाय?
पाणी आमच्या मंजूर यादीत नव्हतं.

सगळी उत्तरं एकाच माणसाच्या तोंडात:
सिद्राया व्हनमाने, वॉचमन, गाव उमदीच्या अलीकडं.
स्टुलावरून न उठता, उजव्या हाताची दोन बोटं हलवून
तो अख्खी इमारत वळवायचा.
‘वर जावा. जिना संपला की झाडाची कुंडी.
कुंडीकडं पाठ करून उभं ऱ्हावा.
म्होरं दिसंल ते दार.’
मी कुंडी वहीत लिहिली.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुंडी हलवली उन्हात,
आणि दुपारपर्यंत वारस नोंदीची माणसं
निवडणूक शाखेत जाऊन उभी राहत होती.

अण्णा ट्रकांच्या पाठीवर नंबर रंगवायचे, मार्केट यार्डाच्या मागं.
म्हणायचे, अक्षर उभं असतंय, माणूस चालत असतोय.
चालत्या माणसाला तीन शब्द दे,
चौथा त्याच्या पाठीवर पडतोय.
म्हणून मी अभियंतासाहेबांशी भांडले.
त्यांना पाहिजे होती सोनेरी अक्षरं, कडेला नक्षी,
आणि ‘मा.’सकट संपूर्ण पदनाम.
मी म्हटलं, मजला रंगानं ओळखू द्या,
खोलीचा आकडा वीतभर,
आणि बाण वळणाच्या आधी.
वळून चुकल्यावर बाण काय कामाचा?
बराच वेळ पेपरवेट फिरवून ते म्हणाले, ‘मा.’ तरी ठेवा.
ठेवला. बारीक.

पाट्या लागल्या त्या सोमवारी
सिद्राया पहिल्यांदा रिकामा बसला.
लोक वर बघायचे, ओठांत पुटपुटायचे,
आकडा सांडू नये तसा सांभाळत जायचे.
बरोबर जायचे.
मी खांबाआडून मोजत होते:
चुकलेले चार. गेल्या सोमवारी साठ.
त्याच्याकडं बघायचं तेवढं टाळलं.

साडेतीनला एक म्हातारा आला,
पिशवीत सातबारा, पायात टायरच्या चपला.
माझ्या सगळ्यात मोठ्या पाटीखाली थांबला
आणि पाटीकडं असं बघितलं
जसं भिंतीकडं बघतात.
‘एल्ली री?’
सिद्राया उठला. स्टुलावरून उठलेला मी त्याला तेव्हाच पाहिला.
‘म्याल होग्री, अज्जा,’ म्हणाला,
आणि बोटं हलवायचं सोडून
त्याच्याबरोबर जिना चढायला लागला.

पाच वाजता दिवे मालवत आले,
तेव्हा तोच म्हातारा तिसऱ्या मजल्यावर सापडला,
बंद कॅन्टीनच्या दाराशी, शिक्का मारलेला कागद छातीशी धरून.
काम झालं होतं.
बाहेर कुठून पडायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.
मी मागं वळून सगळा बोळ पाहिला:
आत यायच्या एकेचाळीस पाट्या
आणि बाहेर जायची एक नाही.

त्याला गाडीपर्यंत पोचवून सिद्राया परत आला.
मी वही उघडून बसले होते,
शेवटच्या पानावर ‘पाणी’, त्याखाली ‘बाहेर’, त्याखाली ‘स्टँड’, आणि बाण.
विचारलं, सिद्राया, ‘बाहेर’ कानडीत कसं लिहायचं?
त्यानं पेन घेतलं,
जरा वेळ कागदावर धरलं,
मग परत माझ्या हातात दिलं.
‘बोलाय येतंय बाई. लिवाय न्हाई.’